ऊस त्याच्याच कारखान्याला, वैरही त्याच्याशीच: ऑस्ट्रेलियाच्या अणुपाणबुड्यांची गोष्ट

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधल्या टास्मान समुद्रावरून रोजच्यासारखी प्रवासी विमानं ये-जा करत होती. त्यातल्या एका वैमानिकाच्या कानावर रेडिओवरून इशारा पडला: खाली चिनी युद्धनौका आहेत, दारूगोळ्याचा सराव करणार आहेत, लांबून जा. त्यानं तो हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवला. त्या यंत्रणेला या सरावाची बातमी पहिल्यांदा कळली ती याच वैमानिकाकडून, स्वतःच्या नौदलाकडून नव्हे. या सरावापायी एकूण ४९ विमानांना वाट बदलावी लागली.

चीननं कायदा मात्र कुठलाच मोडला नव्हता. नौका आंतरराष्ट्रीय पाण्यात होत्या, किनाऱ्यापासून सहाशेहून जास्त किलोमीटर लांब. ऑस्ट्रेलियाची जहाजंही दक्षिण चीन समुद्रात फिरतातच की. तरीही पुढचे दोन आठवडे तिथल्या वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. त्या तीन नौका टास्मानियाला वळसा घालून पार पर्थच्या बाजूनं निघून गेल्या आणि लोक नकाशे उघडून बसले.

मेलबर्नला राहणारा माझा मावसभाऊ तेव्हा फोनवर म्हणाला, "अरे, इथे दात काढायचा तर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, पैसे देत नाही. आणि पाणबुड्यांना म्हणे ३६८ अब्ज डॉलर! आम्हाला मारायला येणार तरी कोण?"

प्रश्न रास्त आहे. बीजिंगपासून सिडनी जवळजवळ नऊ हजार किलोमीटर. चारी बाजूंनी समुद्र, कुणाशी बांधाचं भांडण नाही, कुणाशी जमिनीची हद्दच नाही. अशा देशाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या कशाला हव्यात? याचं उत्तर चीनच्या भीतीत जेवढं आहे, तेवढंच ते अमेरिकेविषयीच्या भीतीतही आहे. हा दुसरा अर्धा भाग बातम्यांमध्ये नेमका गाळला जातो.

आधी युतीचं गणित

युती म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. कोण कधी कोणाबरोबर होता आणि कोण कोणाला सोडून गेला, यावर आपण चहाच्या टपरीवर प्रबंध सांगू शकतो. देशांच्या युतीतही मूळ दुखणं तेच असतं.

समजा, तुम्ही गावात राहता. घरची माणसं थोडी, जमीन मात्र पसरलेली. तुमचा मामा लांब मुंबईत मोठा माणूस आहे. कुणी अंगावर आलं तर मामा येईल, या भरवशावर तुम्ही निवांत झोपता. पण रात्री कधीतरी जाग येते आणि मनात दोन शंका येतात. एक, वेळ आली आणि मामानं फोनच उचलला नाही तर? दोन, मामाचंच कुणाशी तरी जुंपलं आणि त्यानं आपल्याला काठी घेऊन बोलावलं तर?

ग्लेन स्नायडर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या दोन शंकांची नीट मांडणी केली. पहिलीला आपण 'सोडून जाण्याची भीती' म्हणू, दुसरीला 'ओढलं जाण्याची भीती'. त्याच्या सांगण्यातली खोच अशी की एका भीतीवरचं औषध दुसरी भीती वाढवतं. मामा सोडून जाऊ नये म्हणून त्याच्या जितकं मागे-पुढे कराल, तितके त्याच्या भांडणात ओढले जाल. भांडणापासून लांब राहाल, तर उद्या तो म्हणेल, तुमचं तुम्ही बघा.

ऑस्ट्रेलियाचा मामा म्हणजे अमेरिका. दोघांमधला करार १९५१ चा, त्याचं नाव 'अँझस'. तिसरा सोबती न्यूझीलंड. या करारात 'हल्ला झाला तर आम्ही सैन्य पाठवू' असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते इतकंच की पॅसिफिक भागात कुणा एकावर हल्ला झाला, तर प्रत्येक देश आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार त्या समान धोक्याला तोंड देण्यासाठी पावलं उचलेल. मराठीत सांगायचं तर, "काही झालं तर कळव, घरच्यांशी बोलून बघतो." अशा वाक्यावर ज्याची झोप अवलंबून आहे, तो माणूस मामाला दिवाळीला काय पाठवायचं याचा विचार वर्षभर करत राहणारच.

पहिला मामा आलाच नव्हता

ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेआधी ऑस्ट्रेलियाचा पाठीराखा होता ब्रिटन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ठरलं होतं की जपाननं डोकं वर काढलंच, तर ब्रिटिश आरमार सिंगापूरच्या भक्कम तळावर येईल आणि तिथून सगळा पूर्वेचा समुद्र सांभाळेल. त्या भरवशावर ऑस्ट्रेलियानं आपलं उत्तम सैन्य ब्रिटनसाठी लढायला मध्यपूर्वेत धाडलं.

१० डिसेंबर १९४१ ला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ बुडवल्या. डिसेंबर संपायच्या आत पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगून टाकलं की ब्रिटनशी असलेल्या जुन्या नात्यागोत्याची टोचणी न लावून घेता ऑस्ट्रेलिया आता अमेरिकेकडे पाहते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. शरण गेलेल्यांत सुमारे १५ हजार ऑस्ट्रेलियन होते. भारतीय सैनिक त्याहून कितीतरी जास्त होते, आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली, हा आपल्याकडचा धागा. चारच दिवसांनी जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनवर बॉम्ब टाकले. दोनशेहून जास्त माणसं गेली.

त्याच दिवसांत चर्चिल आणि कर्टिन यांच्यात तारांवरून खडाजंगी चालली होती. मध्यपूर्वेतून परतणारं ऑस्ट्रेलियन सैन्य चर्चिलना रंगून वाचवायला ब्रह्मदेशात वळवायचं होतं. कर्टिन हटले नाहीत. आमची माणसं आमच्या घरी, म्हणाले. सोडून जाण्याची भीती आणि ओढलं जाण्याची भीती, दोन्ही एकाच आठवड्यात समोर उभ्या. हा इतिहास ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्यात भूत असल्यासारखा वावरतो. तिथल्या धोरणाचा कुठलाही कागद उचला, मागे सिंगापूर असतंच.

विम्याचा हप्ता

नवा मामा मिळाला, पण त्याला धरून ठेवणं आलं. त्यासाठी ऑस्ट्रेलियानं जे केलं त्याला तिथले अभ्यासक बऱ्याचदा विम्याच्या हप्त्याची उपमा देतात. अमेरिका लढायला गेली की आपण थोडं तरी सैन्य पाठवायचं. कोरियात पाठवलं. व्हिएतनाममध्ये एकूण सुमारे ६० हजार ऑस्ट्रेलियन जाऊन आले, पाचशेहून जास्त परत आले नाहीत. पुढे इराक, अफगाणिस्तान. व्हिएतनामचं जंगल सिडनीवर चालून येणार नव्हतं. जंगल हा विषयच नव्हता, वॉशिंग्टनच्या हजेरीपटावर आपलं नाव राहणं हा विषय होता.

आणि अँझसचा करार आजवर कितीदा वापरला गेला, माहीत आहे? एकदा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. पंतप्रधान जॉन हॉवर्ड तेव्हा योगायोगानं वॉशिंग्टनमध्येच होते. म्हणजे भाच्याच्या रक्षणासाठी केलेला करार प्रत्यक्षात वापरला गेला तो मामासाठी.

हप्ता थकवला तर काय होतं, ते न्यूझीलंडनं करून पाहिलं. १९८४ मध्ये डेव्हिड लाँगी यांचं सरकार आलं आणि त्यांनी अण्वस्त्रं किंवा अणुभट्टी असलेल्या जहाजांना आपल्या बंदरांत बंदी घातली. जहाजावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, हे अमेरिका तेव्हा सांगतच नसे. १९८५ च्या सुरुवातीला 'बुकॅनन' या अमेरिकी नौकेला न्यूझीलंडनं नकार दिला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेनं जाहीर केलं की न्यूझीलंडच्या रक्षणाची हमी स्थगित. न्यूझीलंडवर आकाश कोसळलं नाही. उत्तरेकडून येणाऱ्या कुणालाही आधी ऑस्ट्रेलिया लागते. मागच्या खोलीत झोपणाऱ्याला दाराच्या कडीची काळजी जरा कमीच असते. हे माझं मत, न्यूझीलंडवाल्यांना आवडणार नाही.

जुन्या-नव्या दोन्ही मामांचा पाय मधल्या काळात डळमळलाही होता. १९६८ मध्ये ब्रिटननं सुएझच्या पूर्वेकडचे तळ गुंडाळायचं ठरवलं. १९६९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी गुआम बेटावरून आशियातल्या मित्रांना सांगितलं की पारंपरिक हल्ल्यांत लढायला माणसं मुख्यतः तुमची तुम्ही उभी करा. कॅनबेराला, ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला, ते वाक्य अजून पाठ आहे.

कारखान्याचा चेअरमन

आता चीनकडे या. इतकी वर्षं ऑस्ट्रेलियाचा मोठा गिऱ्हाईक आणि मोठा रक्षक एकाच गोटातले असत: आधी ब्रिटन, मग अमेरिका आणि तिचा दोस्त जपान. या शतकात ते बदललं. ऑस्ट्रेलियाच्या मालाच्या निर्यातीतला साधारण तिसरा हिस्सा चीन घेतो. लोहखनिजाचं तर विचारूच नका, पाचातले चार भाग चीनला जातात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही अवस्था दोन वाक्यांत कळेल. तुमचा सगळा ऊस जातो तो एकाच कारखान्याला. आणि त्या कारखान्याच्या चेअरमनशी तुमच्या मामाचं हाडवैर. मामा म्हणतो, माझ्या सभेला ये. चेअरमन म्हणतो, सभेला गेलास तर तोडीला टोळी येणार नाही, ऊस फडातच वाळू दे.

२०२० मध्ये नेमकं हेच झालं. एप्रिलमध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी कोविड कुठून आला याची स्वतंत्र चौकशी व्हावी, अशी मागणी केली. मे महिन्यात चीननं ऑस्ट्रेलियन जवावर ऐंशी टक्क्यांचं शुल्क लावलं. मग गोमांस, कोळसा, कापूस, शेवंडं, लाकूड. वाइनवर तर २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क. वर्षाला अब्ज डॉलरच्या घरातला धंदा जवळपास शून्यावर आला. नोव्हेंबरमध्ये चिनी दूतावासानं तक्रारींची १४ कलमी यादीच पत्रकारांच्या हातात ठेवली.

फक्त लोहखनिजाला कुणी हात लावला नाही. कारण तेवढं खनिज चीनला दुसरीकडे मिळणार नव्हतं. चेअरमनलाही गाळप चालू ठेवायचं असतं.

जव चीनमध्ये पुन्हा २०२३ मध्ये जाऊ लागला, वाइन २०२४ मध्ये, शेवंडं २०२४ च्या अखेरीस. दबावानं ऑस्ट्रेलिया नमली नाही, उलट तोवर 'व्यापार आहे म्हणजे भांडण होणार नाही' असं म्हणणाऱ्यांचा आवाज बसला. मध्येच, एप्रिल २०२२ मध्ये, सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला. ही बेटं ऑस्ट्रेलियापासून दोन हजार किलोमीटरच्या आत आहेत, आणि त्यांतल्याच ग्वादलकनालवर १९४२-४३ मध्ये अमेरिकी सैनिक सहा महिने जपान्यांशी झुंजले होते. चिनी तळ होऊ देणार नाही, असं तिथले पंतप्रधान सोगावारे सांगत राहिले. कॅनबेरातल्या जुन्या भुताला मात्र तेवढं निमित्त पुरे होतं.

पण पाणबुडीच का? आणि अणुशक्तीवरचीच का?

इथे थोडं यंत्रात शिरू या, कारण सगळं राजकारण एका नळीपाशी येऊन थांबतं.

साधी पाणबुडी डिझेल आणि बॅटरीवर चालते. पाण्याखाली असते तेव्हा बॅटरीवर, अगदी गुपचूप. पण बॅटरी उतरली की ती भरायला डिझेल इंजिन सुरू करावं लागतं, आणि इंजिनाला हवा लागते. मग पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते आणि एक नळी पाण्याबाहेर काढते. तिला स्नॉर्केल म्हणतात. देवमासा जसा श्वासाला वर येतो, तसंच. नेमकं तेव्हाच ती रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज ऐकू जाऊ शकतो. शिकारी देवमाशाची वाट कधी बघतो? तो वर आल्यावर.

अणुभट्टीला हवा लागत नाही. अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' जातीच्या पाणबुडीत भट्टीचं इंधन तिच्या सगळ्या आयुष्यात, म्हणजे तीसहून जास्त वर्षांत, बदलावं लागत नाही. ती खाली किती दिवस राहणार हे ठरतं भांडारघरातल्या रसदीवर. शिवाय तिचा वेग जास्त. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिण चीन समुद्र गाठायला हजारो किलोमीटर कापावे लागतात. साध्या पाणबुडीचा निम्मा वेळ आणि निम्मं इंधन नुसत्या प्रवासात जातं. गावाच्या वेशीवर राखण करायची तर साधी पाणबुडी उत्तम. लांबच्या गावी जाऊन दबा धरून बसायचं तर अणुभट्टीची हवी.

आता वाचा यातला सगळ्यात विनोदी भाग. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियानं फ्रान्सच्या कंपनीकडून १२ पाणबुड्या घ्यायचं ठरवलं, ५० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना. फ्रान्सची मूळ पाणबुडी अणुशक्तीचीच होती. ऑस्ट्रेलियानं सांगितलं, अणुभट्टी काढून डिझेलची करून द्या. म्हणजे मोटारसायकलचं इंजिन काढून तिची सायकल करून मागितली, आणि पाच वर्षांनी म्हटलं, आम्हाला तर मोटारसायकल हवी होती! सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी 'ऑकस' नावाचा अणुपाणबुड्यांचा नवा करार जाहीर केला, आणि फ्रान्सचा अक्षरशः मामा झाला. पॅरिसनं वॉशिंग्टन आणि कॅनबेरा इथले आपले राजदूत माघारी बोलावले. मॉरिसन तुमच्याशी खोटं बोलले असं वाटतं का, या प्रश्नावर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी उत्तर दिलं की वाटत नाही, मला ते ठाऊक आहे. करार मोडल्याची भरपाई म्हणून पुढच्या सरकारनं २०२२ मध्ये ५५.५ कोटी युरो मोजले.

ही फ्रेंच कंपनी आपल्या परिचयाची आहे. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या 'कलवरी' जातीच्या सहा पाणबुड्यांचं तंत्र तिचंच. सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या याच पाणबुड्यांविषयीची २२,४०० पानं फुटल्याची बातमी दिली होती एका ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रानं. आमच्या पाणबुडीची माहितीही अशीच फुटली तर, ही त्यांची चिंता, आणि पोटात गोळा आला मुंबईत.

म्हणजे ऑस्ट्रेलिया अणुबॉम्ब बाळगणार?

नाही. पाणबुडी चालणार अणुशक्तीवर, तिच्यातली क्षेपणास्त्रं आणि पाणतीर साधेच. ऑस्ट्रेलिया अण्वस्त्रप्रसारबंदी करारात आहे आणि बाहेर पडलेली नाही. आक्षेप वेगळा आहे. या भट्ट्यांत शस्त्र बनवता येईल इतकं शुद्ध युरेनियम असतं, आणि अण्वस्त्रं नसलेल्या देशाला ते पाणबुडीसाठी मिळण्याची ही पहिलीच वेळ. इंडोनेशिया आणि मलेशियानं लगेच काळजी व्यक्त केली. भट्टी सीलबंद येईल आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख असेल, हे ऑस्ट्रेलियाचं उत्तर. उद्या दुसऱ्या कुणी हीच वाट दाखवून तेच मागितलं तर काय, याला चोख उत्तर कुणाकडेच दिसत नाही.

पैसे दिले, माल कधी?

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे वेळापत्रक जाहीर झालं. २०२७ पासून पर्थजवळच्या 'स्टर्लिंग' तळावर अमेरिकी आणि ब्रिटिश पाणबुड्या आळीपाळीनं मुक्कामाला येणार. २०३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिका तीन 'व्हर्जिनिया' विकणार, लागल्या तर आणखी दोन. मग ब्रिटनच्या नव्या नमुन्याची पाणबुडी ॲडलेडमध्ये बांधायची, ती हाती येणार २०४० नंतर. २०५५ पर्यंतचा खर्च २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. मावसभावानं सांगितला तो वरचा आकडा.

अडचण अशी की अमेरिकेच्याच घरात पाणबुड्यांचा तुटवडा आहे. तिच्या गोद्यांमधून वर्षाला सरासरी १.२ 'व्हर्जिनिया' बाहेर पडतात. स्वतःची गरज भागवून ऑस्ट्रेलियाला द्यायच्या तर २.३३ हव्यात. ती गती वाढावी म्हणून ऑस्ट्रेलिया अमेरिकेच्या गोद्यांना ३ अब्ज अमेरिकी डॉलर देते आहे, पहिला हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलाही. शिवाय अमेरिकी कायद्यानुसार विक्रीआधी २७० दिवस राष्ट्राध्यक्षांनी लिहून द्यावं लागतं की या विक्रीमुळे आमचं पाण्याखालचं बळ कमी होत नाही. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण असेल, हे आज कुणाला ठाऊक आहे? बिल्डरच्या ऑफिसात जाऊन त्यालाच सिमेंटला पैसे द्यायचे, आणि फ्लॅटचा ताबा मिळेलच असं करारात कुठेच नाही, असं हे बुकिंग.

२०२५ च्या जूनमध्ये पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, हा सगळा करार तपासायला घेतला तेव्हा कॅनबेराला घाम फुटला. ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांनी पंतप्रधान अल्बनीज यांना पाणबुड्या मिळतील म्हणून सांगितलं. दुर्मीळ खनिजांचा एक मोठा करारही त्याच भेटीत झाला. हप्त्याचं नाव बदललं, हप्ता तोच.

मग तैवानवरून चीन आणि अमेरिका भिडले, तर ऑस्ट्रेलिया आपोआप ओढली जाणार नाही का?

टीकाकारांचा सर्वांत जोरकस आक्षेप हाच. माजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी ऑकसवर कडाडून टीका केली आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ऑस्ट्रेलियाचं रक्षण आपल्या किनाऱ्याजवळ करायचं की चीनच्या किनाऱ्याजवळ जाऊन? किनाऱ्याजवळ करायचं तर ज्यादा साध्या पाणबुड्या कमी पैशांत येतील. लांब जायचं तर ते अमेरिकेचं युद्ध.

मला या आक्षेपात दम वाटतो. पर्थजवळ अमेरिकी पाणबुड्या मुक्कामी असतील, डार्विनला २०१२ पासून अमेरिकी मरीन सैनिक दरवर्षी येतात, ॲलिस स्प्रिंग्सजवळ पाइन गॅपचं संयुक्त टेहळणी केंद्र आहे. युद्ध पेटलं, तर 'आम्ही नाही त्यातले' म्हणायला जागा किती उरेल? २०२५ च्या जुलैमध्ये बातम्या आल्या की तैवानवरून युद्ध झालं तर तुम्ही काय करणार, हे पेंटागॉननं ऑस्ट्रेलिया आणि जपानला विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्यांनी जाहीर सांगितलं की असं आधीच कबूल करणार नाही, त्या वेळचं सरकार ठरवेल. १९५१ मध्ये मामानं भाच्याला जे मोघम वाक्य लिहून दिलं होतं, तेच भाच्यानं परत पाठवलं.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. ऑस्ट्रेलियात तेलशुद्धीकरणाचे फक्त दोन कारखाने उरलेत. गाडीत भरायचं बरंचसं पेट्रोल-डिझेल सिंगापूर, दक्षिण कोरियाकडून समुद्रमार्गे येतं. सिडनीवर कुणी सैन्य उतरवायची गरजच नाही. ते मार्ग अडवले तरी पुरे. म्हणून दुखणं किनाऱ्यावर येण्याआधी लांबच रोखायचं, असा त्यांचा युक्तिवाद. ज्यांचे मार्ग अडू नयेत म्हणून हा खटाटोप, त्यांतले कितीतरी मार्ग चीनशी व्यापाराचेच आहेत, हे मात्र ते जरा हळू आवाजात सांगतात.

यात भारत कुठे?

२००७ मध्ये भारताच्या 'मलबार' या नौदल सरावात ऑस्ट्रेलिया होती. 'क्वाड' नावाच्या चौकडीचीही तेव्हाच सुरुवात झाली: भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया. फेब्रुवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कॅनबेरात चिनी परराष्ट्रमंत्र्यांना शेजारी उभं करून सांगितलं की आम्हाला या चौकडीत रस नाही. दिल्लीनं ते मनात ठेवलं. मलबारमध्ये ऑस्ट्रेलियाला पुन्हा बोलावणं आलं ते २०२० मध्ये, गलवाननंतर. २०२३ चा मलबार तर सिडनीच्या समुद्रात झाला.

भारत मात्र कुणाचा भाचा व्हायला तयार नाही. सराव करू, इंधन-रसद एकमेकांना देऊ, पण 'तुमच्यावर हल्ला तो आमच्यावर' असं लिहून देणार नाही. अणुपाणबुडी भारतानं रशियाकडून भाड्यानं आणली आणि स्वतःही बांधली. त्यालाही किंमत पडते: सीमेवर काही झालं तर मामा नाही. आपली हद्द चीनला लागून आहे, त्यांची नाही. म्हणून दोघांचं गणित एका पाटीवर मांडता येत नाही.

दरम्यान ऑस्ट्रेलिया स्वतः कुणाची तरी मामा झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिनं पापुआ न्यू गिनीशी परस्पर संरक्षणाचा करार केला. नाव 'पुकपुक', तिथल्या टोक पिसिन भाषेत मगर. अँझसनंतर सत्तरहून जास्त वर्षांनी झालेली ही तिची पहिली नवी युती.

डार्विनचं बंदर

शेवटी एक भाडेपट्टा. २०१५ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या प्रांत सरकारला पैशांची चणचण होती. त्यांनी डार्विनचं व्यापारी बंदर ५० कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना एका कंपनीला दिलं. होय, तेच डार्विन, १९४२ वालं, मरीन सैनिक उतरतात ते. कंपनीचं नाव लँडब्रिज, मालक चिनी. केंद्राच्या संरक्षण खात्यानं तेव्हा हरकत घेतली नाही. अमेरिकेला हे कळलं तेव्हा ओबामा यांनी पंतप्रधान टर्नबुल यांच्याकडे नाराजी बोलून दाखवली. २०२५ च्या निवडणुकीआधी दोन्ही मोठ्या पक्षांनी बंदर परत घेऊ असं आश्वासन दिलं. कसं घेणार, कितीला घेणार, यावरून घोळ. पट्टा ९९ वर्षांचा आहे, २११४ ला संपतो.

मावसभावाला हे सांगितलं तर तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "डिपॉझिट तरी किती घेतलं होतं?"